ब्लॅक सबाथ वाजवायला इतकं सोपं आहे, मग त्यांना एवढं का मानतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गिटार शिकायला लागून दीडेक वर्ष झालंय, मेटॅलिका आणि मेगाडेथ मनापासून ऐकता. कुणीतरी सांगितलं म्हणून ब्लॅक सबाथकडे वळलात, तर 'आयर्न मॅन' आणि 'पॅरानॉइड'चे रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे, दोन संध्याकाळींत हातात बसले. आता वाटतंय की हे फारच सोपं, संथ आणि जुनाट आहे. केवळ सगळ्यांच्या आधी आले म्हणून यांना हेवी मेटलचे जनक म्हणतात का? शिवाय गिटार त्यांच्यासारखी खाली उतरवायची, म्हणजे तारा सैल करून सूर खाली आणायचे का, आणि ऐकायला सुरुवात कुठून करायची, हेही विचारलंय.

मी पुण्यात बरीच वर्षं गिटार शिकवतो आणि बँडमध्ये वाजवतो. हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, आणि विचारणारी मुलं बहुधा चांगल्या हाताची असतात. त्यामुळे तुम्ही काही अडाणी प्रश्न विचारलाय असं मला वाटत नाही. फक्त तो प्रश्न टॅबवरून आलेला आहे. कुठल्या तारेवर, कितव्या फ्रेटवर बोट ठेवायचं एवढंच टॅब सांगते, आणि तेवढ्यापुरतं बघितलं तर सबाथ खरंच सोपे आहेत. स्वर किती वेळ धरायचा, कुठे तोडायचा, त्याच्याखाली ड्रमर काय करतोय, हे टॅबवर नसतं. सबाथचं जवळजवळ सगळं काम तिथे आहे.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. हे सगळं तुम्ही कशावर ऐकता यावर बरंच अवलंबून आहे. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि बेस त्याच्याही एक सप्तक खाली. मोबाइलच्या स्पीकरमधून यातलं काही नीट बाहेर पडत नाही. म्हणजे मोबाइलवर सबाथ ऐकणारा बँडमधल्या चौघांपैकी तिघांनाच ऐकतो. आधी बऱ्यापैकी हेडफोन लावा. आणि एवढं करूनही आवडलं नाही, तर नाही आवडलं. त्यात कमीपणा काही नाही.

आता मूळ गोष्टीकडे. चौघंही बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातले, कारखान्यांच्या वस्तीत वाढलेले. युद्धातल्या बॉम्बफेकीच्या खुणा त्यांच्या लहानपणी तिथे अजून दिसायच्या. गायक ऑझी ऑस्बॉर्नने कत्तलखान्यात काम केलं, मोटारीचे हॉर्न तपासायची नोकरी केली, घरफोडीबद्दल काही आठवडे तुरुंगात काढले. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. वय सतरा. बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं होतं आणि कारखान्यातला तो शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला आणि परत जाऊच नये असं म्हणत होता, पण आईने पाठवलं. त्या दुपारी नेहमीचं सोडून वेगळ्याच यंत्रावर बसवलं गेलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं त्यात गेली.

आयोमी डावखुरा आहे. म्हणजे उजवा हात हा त्याचा फ्रेटवरचा हात. गिटार वाजवणाऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट जागी मार बसणं अवघड. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली आणि मग सांगितलं की या माणसाची दोन बोटं आगीत निकामी झाली होती. मग आयोमीने घरीच खटपट केली. भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून गोळा केला, बोट जाईल एवढं भोक तापलेल्या सोल्डरिंगच्या काडीने पाडलं, काचकागदाने घासून घासून आकार आणला. प्लास्टिक तारेवरून घसरायचं, म्हणून वर जुन्या जाकिटाच्या कातड्याचा तुकडा चिकटवला. त्या दोन बोटांना तार जाणवतच नाही, त्यामुळे दाब किती द्यायचा हे कानाने ठरवायचं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारवर चढवल्या. बोटं पसरून धरायच्या भरगच्च कॉर्डऐवजी दोन-तीन स्वरांची पॉवर कॉर्ड, आणि एकेरी स्वर भरदार वाटावा म्हणून त्याला कंप.

ही गोष्ट सगळीकडे एका ठरावीक साखळीत सांगतात: बोटं गेली, म्हणून तारा सैल केल्या, म्हणून आवाज जड झाला, म्हणून मेटल जन्मलं. ऐकायला छान आहे, पण साखळीची मधली कडी निसटलेली आहे. पहिले दोन अल्बम, म्हणजे फेब्रुवारी १९७०चा 'ब्लॅक सबाथ' आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरचा 'पॅरानॉइड', नेहमीच्या ईच्या ट्यूनिंगमध्येच आहेत. 'आयर्न मॅन', 'वॉर पिग्ज' ही तुमच्या आत्ताच्या गिटारवर आहे तशी वाजतात. म्हणजे तारा सैल करायच्या आधीच तो जडपणा आलेला होता. तो आला कुठून, हे कळलं की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

त्यासाठी पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं घ्या. गाण्याचं नाव, अल्बमचं नाव, बँडचं नाव, तिन्ही एकच. नावाची कथा अशी सांगतात की तालमीच्या जागेसमोरच्या थिएटरात मारिओ बावाचा १९६३चा त्याच नावाचा भयपट लागला होता आणि रांग बघून यांच्या डोक्यात आलं की लोक घाबरायला पैसे देतात, तर मग घाबरवणारं संगीत का करू नये. त्याआधी हे लोक 'अर्थ' नावाने ब्लूज वाजवत होते.

गाण्याचा रिफ तीन स्वरांचा आहे. खालचा जी, त्याच्या बरोबर एक सप्तक वरचा जी, आणि मग त्या दोघांच्या मधोमध सी शार्प. घरात पेटी असेल तर पांढरी पाचला सा धरा. खालचा सा, तार सा, आणि मग काळी एक, म्हणजे तीव्र मध्यम. एवढंच. तीव्र मध्यम हा सप्तकाचे बरोबर दोन सारखे तुकडे करणारा स्वर. पाश्चात्त्यांकडे याला सैतानाचा स्वरांतर म्हणायची पद्धत आहे, आणि मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती असंही रंगवून सांगतात. तशी बंदी वगैरे काही नव्हती. कोरसमध्ये गायला अवघड आणि कानाला अस्थिर, म्हणून ते लोक टाळायचे. आपण तर रोज संध्याकाळी यमनात तोच स्वर लावतो आणि कुणाला सैतान आठवत नाही.

मग इथे भीती का वाटते? यमनात तीव्र मध्यम पंचमाच्या ओढीने येतो, आजूबाजूला शुद्ध गंधार-धैवत असतात, आणि कान आश्वस्त असतो की आता पंचमावर विसावा मिळणार. आयोमी तो विसावा देतच नाही. वरच्या सावरून थेट तीव्र मध्यमावर खाली येतो, तिथेच थांबतो, तो स्वर बोटाने थरथरवत ठेवतो आणि पुन्हा खालच्या सावर. मारवा ऐकताना जी एक बेचैनी असते, पंचम वर्ज्य असल्यामुळे पाय टेकायला जागा मिळत नाही, तिच्याशी हे जास्त जवळचं आहे. आयोमीला अर्थातच मारवा माहीत असण्याचं कारण नाही. बेस वाजवणारा गीझर बटलर त्या दिवसांत होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधला 'मार्स' हा तुकडा सारखा वाजवायचा प्रयत्न करत होता, त्यातही हाच स्वरांतर आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी आयोमी हा रिफ घेऊन आला, असं तेच सांगतात.

आता गिटार घ्या आणि हा रिफ त्याच लयीत वाजवा. मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग मूळ गाण्याशी ताडून बघा. माझ्याकडे येणारी दहातली नऊ मुलं इथे पुढे पळतात. स्वर तीन आणि वेळ भरपूर, त्या रिकाम्या वेळात काय करायचं हे हाताला कळत नाही, म्हणून पुढचा स्वर लवकर येतो. विलंबित ख्यालात दोन मात्रांमधलं अंतर सांभाळणं आणि द्रुत तान मारणं या दोन निराळ्या कमाया आहेत. तुमची तयारी दुसऱ्या प्रकारची झालेली आहे, पहिल्याची अजून सुरू व्हायचीय. 'वॉर पिग्ज' तर याची परीक्षाच. दोन कॉर्डचे ठोसे, आणि मध्ये ड्रमची नुसती हाय-हॅट (झांजांची जोडी) टिकटिकत असते, त्यावर ऑझीचा एकटा आवाज. गिटारवाल्याने त्या वेळात हात तारेवर ठेवून गप्प बसायचं असतं. तरुण बँडमध्ये कुणालाच हे जमत नाही. कुणीतरी मध्ये एक चुळबूळ करणारा स्वर टाकतोच.

'आयर्न मॅन'चंही तेच. सुरुवातीला बास ड्रमचे ठोके पडतात आणि त्यावर गिटार कण्हल्यासारखी वाजते, तो आवाज कशाचा हे बघितलंत का? जाड तार नटच्या (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) पलीकडे, खुंट्यांच्या बाजूला दाबून काढलेला आहे तो. तुम्ही रिफपासून सुरुवात केली असणार. टॅब बहुधा तिथूनच सुरू होते.

दुसरी गोष्ट, या बँडमध्ये गिटार एकच. आयोमी सोलो घेतो तेव्हा मागे रिफ धरायला दुसरा गिटारवाला नसतो. ती जागा बटलर भरतो. तो मूळचा गिटारवाला, बेसवर नंतर आला, आणि त्याचा आदर्श क्रीम या बँडचा जॅक ब्रूस. रिफ चालू असताना तो गिटारच्या स्वराला अगदी चिकटून असतो, आयोमीने तार ओढली की हाही बेसची तार ओढतो, त्यामुळे दोन वाद्यांचं मिळून एकच अवजड वाद्य झाल्यासारखं वाटतं. सोलो आला की तो सुटतो आणि खालून वाटेल तसा हिंडतो. 'एन.आय.बी.' हेडफोनवर फक्त बेसकडे लक्ष ठेवून एकदा ऐका.

आणि बिल वॉर्ड. माझं वैयक्तिक मत विचाराल तर सबाथचं खरं गुपित तो आहे. तो जीन क्रूपा, बडी रिच असे जॅझ ड्रमर ऐकत वाढला. त्यामुळे त्याचा ठेका सरळसोट पडत नाही, किंचित झोका घेत पडतो. पहिल्या अल्बमच्या वेळच्या 'विकेड वर्ल्ड'ची सुरुवात ऐका, हाय-हॅटवर चक्क जॅझ चाललंय. नंतरच्या मेटल ड्रमरांनी वेग घेतला, दोन्ही पायांनी वाजवायचा डबल बास ड्रम घेतला, पण हा झोका बहुतेकांनी सोडून दिला. म्हणून सबाथची गाणी वाजवणारे पुष्कळ बँड मूळ गाण्याहून जास्त जोरात वाजवूनही हलके वाटतात. तुमच्या मेटॅलिकाची सवय झालेल्या कानाला वॉर्ड आधी ढिला वाटेल. त्या ढिलेपणातच डोकं हलायला लागतं.

तर इथपर्यंतचा हिशेब असा: जडपणा अपघातातून आपोआप आला नाही आणि सैल तारांतूनही सुरू झाला नाही. संथ लय, पंचमाची सोय न देणारे स्वर, गिटारला चिकटलेला बेस आणि झोका घेणारा ड्रमर, या चारांची ती बेरीज आहे. त्यात गावातल्याच लेनी कंपनीचे अ‍ॅम्प, पूर्ण आवाजात. अपघाताने एक केलं: आयोमीला कमी स्वरांत जास्त काम करून घ्यायला भाग पाडलं.

तारा सैल केल्या त्या तिसऱ्या अल्बममध्ये, १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त. तेही सगळ्या गाण्यांत नाही. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह', 'लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड', 'इंटू द व्हॉइड' या गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली, म्हणजे ईवरून सी शार्पवर आणली आहे, बटलरनेही बेस उतरवला. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे तीन अर्धस्वर उतरल्यावर ताण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. दुखऱ्या बोटांना आराम मिळाला हे खरंच. पण त्याबरोबर तार जास्त लोंबकळत वाजायला लागली, आणि खालची तार ६९ हर्ट्झवर आली. डूम, स्टोनर, ग्रंज, या सगळ्या घराण्यांनी पुढे जे सैल, गढूळ, खोल वाजवलं त्याची गंगोत्री हा अल्बम आहे. गंमत म्हणजे सी शार्प ही आपली काळी एक. आपल्याकडे कित्येक पुरुष गायकांची पट्टी तीच. तानपुऱ्याचं अ‍ॅप काळी एकला लावून त्यावर 'इंटू द व्हॉइड'चा रिफ वाजवून बघा, चांगला रियाझ होतो आणि सुरात आहोत की नाही हे लगेच कळतं.

'आधी आले म्हणून मोठे' या शंकेबद्दल. जोरात वाजवणारे तेव्हा बरेच होते. लेड झेपलिन, डीप पर्पल, क्रीम, हेंड्रिक्स, सगळे यांच्या आधीचे किंवा बरोबरीचे. पण त्यांच्या गाण्यात रिफ हा ब्लूजच्या चौकटीतला एक भाग असायचा. चौकट बाजूला केली तर गाणं कोसळायचं. सबाथने चौकट काढून टाकली. एक रिफ, मग दुसरा, लय बदलून तिसरा, आणि त्यांच्या रचनेतूनच गाणं उभं. मेटॅलिकाची गाणी कशी बांधलेली असतात ते आठवा. ती बांधणी इथली आहे. २००६ मध्ये सबाथला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा स्वागताचं भाषण करायला मेटॅलिकाचे लार्स उलरिक आणि जेम्स हेटफील्डच उभे होते. १९७५च्या 'सॅबोटाज'मधलं 'सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स' लावा, तुम्हाला थ्रॅशचा, म्हणजे मेटॅलिका-मेगाडेथच्या वेगवान मेटलचा, रिफ ओळखू येईल, थ्रॅश हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी.

हे सगळं किती घाईत झालं तेही बघण्यासारखं आहे. पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसात रेकॉर्ड झाला. जवळजवळ मैफलीसारखा, समोरासमोर उभं राहून. पाऊस आणि घंटा नंतर जोडली. त्याच दिवशी आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टरने दगा दिला, म्हणून जोडीला आणलेली गिब्सन एसजी हातात घेतली आणि ती पुढे त्याची ओळखच झाली. 'पॅरानॉइड' हे गाणं तर भरतीचं. अल्बममध्ये तीनेक मिनिटं कमी पडत होती, निर्माते रॉजर बेन म्हणाले काहीतरी छोटं करा, बाकीचे खायला बाहेर गेले आणि ते परत येईपर्यंत आयोमीचा रिफ तयार होता. शब्द बटलरने लगोलग लिहिले. इंग्लंडच्या यादीत ते चौथ्या क्रमांकावर गेलं. अल्बमचं नाव खरं 'वॉर पिग्ज' ठेवायचं होतं, कंपनीने ऐनवेळी बदललं, मुखपृष्ठ मात्र तसंच राहिलं. त्यावरचा तलवार घेतलेला माणूस 'पॅरानॉइड' शब्दाशी का जुळत नाही, याचं कारण हे.

समीक्षकांनी तेव्हा यांना धुतलं. 'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्जने पहिल्या अल्बमला क्रीमची वाईट नक्कल ठरवलं. सैतानपूजक असल्याचा शिक्काही बसला. शब्द वाचले तर तो टिकत नाही. गाणी बहुतेक बटलरची, आणि तो कॅथलिक घरातला. 'वॉर पिग्ज' युद्ध लावून स्वतः मागे राहणाऱ्या सेनापतींवर आहे, 'हँड ऑफ डूम' व्हिएतनामहून हेरॉइनचं व्यसन घेऊन आलेल्या सैनिकांवर, 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' अणुयुद्धाच्या भीतीवर, आणि 'आफ्टर फॉरेव्हर' तर सरळ सरळ ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूने आहे. गळ्यातले ते मोठे क्रूस ऑझीच्या वडिलांनी कारखान्यात करून दिलेले.

पुढची कारकीर्द भराभर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाला तिचा फारसा उपयोग नाही. १९७२चा 'व्हॉल्यूम फोर' लॉस एंजेलिसमध्ये, कोकेनच्या ढिगात. १९७३ मध्ये काही सुचेना म्हणून ग्लॉस्टरशरच्या क्लिअरवेल किल्ल्यात जाऊन राहिले आणि 'सबाथ ब्लडी सबाथ'चा रिफ निघाला. नंतर माजी मॅनेजरशी कोर्टकचेऱ्या, दोन थकलेले अल्बम, आणि १९७९ मध्ये ऑझीला काढलं. रॉनी जेम्स डिओ आला आणि १९८०चा 'हेवन अँड हेल' निघाला, जो मी अजून महिन्यातून एकदा तरी ऐकतो. डिओचा आवाज रिफच्या वर चढून गातो. ऑझी रिफच्याच स्वरांवरून चालायचा. त्यामुळे बँडच वेगळा वाटतो. त्यानंतरची पंधरा वर्षं गायक आणि ड्रमर येत-जात राहिले, कायम एकटा आयोमी. १९९७ मध्ये जुने चौघे पुन्हा एकत्र आले. २०१२ मध्ये आयोमीला लिम्फोमा झाल्याचं कळलं, उपचार घेत घेत त्याने '१३' पूर्ण केला, आणि २०१३ मध्ये तो इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात वॉर्ड नाही, करारावरून बिनसलं. ड्रम ब्रॅड विल्कचे आहेत. चांगला वाजवतो, पण झोका नाही, आणि तो फरक मला पहिल्या मिनिटात कळतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये बर्मिंगहॅमलाच दौरा संपवला, तोही वॉर्डशिवाय.

वॉर्डसकट चौघांनी शेवटचं वाजवलं ते ५ जुलै २०२५ला, अ‍ॅस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर. पार्किन्सन्समुळे ऑझीला उभं राहता येत नव्हतं, सिंहासनावर बसून गायला. गाणी चारच: 'वॉर पिग्ज', 'एन.आय.बी.', 'आयर्न मॅन', 'पॅरानॉइड'. चारही १९७० सालची. दिवसभर आधी मेटॅलिका, स्लेयर, गन्स अँड रोझेस, टूल असे बँड वाजवून गेले होते. २२ जुलैला ऑझी गेला.

ऐकायला सुरुवात कुठून, याचं उत्तर माणसागणिक बदलतं. तुमचा कान थ्रॅशचा आहे, म्हणून तुम्हाला मी पहिल्या अल्बमपासून क्रमाने ऐका असं सांगणार नाही. आधी 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' पूर्ण, एका बैठकीत. लहानच आहे, पस्तीसेक मिनिटांचा. मग 'सॅबोटाज'. ओळखीचं काही सापडलं की 'पॅरानॉइड'वर या आणि तो यावेळी बेस आणि ड्रमकडे कान लावून ऐका. पहिला अल्बम चौथा. 'हेवन अँड हेल' केव्हाही चालेल. 'टेक्निकल एक्स्टसी' आणि 'नेव्हर से डाय!' सध्या बाजूला ठेवलेत तर काही बिघडत नाही.

राहिलं ट्यूनिंग. पहिल्या दोन अल्बमसाठी गिटारला हात लावायचं कारण नाही. 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'साठी सी शार्पवर यायचं असेल, तर नऊच्या, म्हणजे बारीक तारांच्या, सेटवर तारा लोंबतील, फ्रेटला घासून खरखर करतील आणि कॉर्ड जोरात मारली की स्वर आधी चढून मग खाली येईल. आजचे बहुतेक लोक यावर अकरा किंवा बाराचा जाड सेट लावतात. आयोमी उलट बारीक तारांवर वाजवतो, पण तो बोटांचा दाब कानाने तोलायला शिकलेला माणूस आहे. त्याची नक्कल लगेच करायला जाऊ नका. अकराचा सेट घ्या, आणि सेटअप करणाऱ्याला तारांचा आकडा आणि ट्यूनिंग दोन्ही आधी सांगा, कारण मानेचा बाक, तारांची उंची आणि इन्टोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) सगळं नव्याने बघावं लागतं, कधी नटच्या खाचाही रुंद कराव्या लागतात. तुमच्या गिटारला फ्लॉइड रोझ ब्रिज, म्हणजे स्प्रिंगवर हलणारा ब्रिज, असेल तर या गाण्यापुरतं उतरव, त्या गाण्यापुरतं चढव या भानगडीत अजिबात पडू नका. साध्या स्थिर ब्रिजची एखादी जुनी गिटार स्वस्तात मिळाली तर ती कायम सी शार्पला लावून ठेवा.